चिकूची एक बी

"चोरी झालीय का?" विनार्सीने विचारलं.

"नाही, बू."

"कुणी धमकी दिलीय?"

"नाही. मतदान झालंय."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सुगेंग न्याहारी करत होता. तोंडाशी नेलेला तेंपेचा, तळलेल्या सोयाबीन-वडीचा, तुकडा त्याने तसाच धरून ठेवला. जावा बेटावरच्या अंबारावाच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर त्याच्या थोरल्या बहिणीने तपासाचं ऑफिस थाटलं त्याला बरीच वर्षं झाली होती. पळालेले नवरे आले, खोट्या पदव्या आल्या, एकदा झुंजीचा हरवलेला कोंबडासुद्धा आला. मतदानाची तक्रार मात्र पहिल्यांदाच आली होती.

समोर बसलेली बाई चाळिशीची होती. डोक्याला निळा रुमाल, डोळे जागरणाने सुजलेले. तिचं नाव तितिस; विनार्सीला ती अदबीने 'बू', म्हणजे बाई, म्हणत होती. उत्तर किनाऱ्यावर रेंबांगला मत्स्यविद्येचं एक छोटं कॉलेज आहे, त्याची ती संचालक होती.

"वर बांदुंगानला रेक्टरांच्या पागुयुबानची बैठक चालू आहे," ती म्हणाली. "काल माझ्या सदस्यत्वावर मत घेतलं. नापास झाले मी."

पागुयुबान म्हणजे नावाला स्नेहमंडळ. विद्यापीठांचे आणि कॉलेजांचे प्रमुख त्यात बसत, आणि बाहेरच्याला आत शिरायचं म्हटलं की त्याच्या नाकी नऊ येत.

"मत कसं घेतात?"

"प्रत्येकाला एक पांढरी कवडी आणि एक चिकूची काळी बी मिळते. पडद्याआड जाऊन दोन्हींपैकी एक मडक्यात टाकायची, दुसरी बाजूच्या पिशवीत. सगळ्या कवड्या निघाल्या तर आत. एक जरी बी निघाली तरी बाहेर, आणि मग तीन वर्षं अर्ज करता येत नाही. बिया किती निघाल्या तेही सांगत नाहीत. नुसतं 'नाही' म्हणतात."

"मग तीन वर्षं थांबायचं," सुगेंग म्हणाला. त्याचा स्वभावच तसा होता. गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्याला उत्तर लवकर हवं असे.

तितिसने त्याच्याकडे पाहिलं. "पाक," ती त्यालाही अदबीने म्हणाली, "सदस्यांच्याच मुलांना एकमेकांच्या प्रयोगशाळा वापरता येतात. माझ्याकडे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आहेत, प्रयोगशाळा नाही. कोळ्यांची पोरं आहेत ती. एक वर्ष वाया गेलं की होडीवर जातात, मग कॉलेजचं तोंड बघत नाहीत."

"आणि तुम्ही?" विनार्सीने विचारलं.

"माझी खुर्ची जाईल. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी स्पष्टच सांगितलंय. या खेपेला सदस्यत्व आलं नाही तर नवा संचालक. कुणीतरी मोठं नाव त्यांच्या डोळ्यासमोर आहे म्हणे."

"तुमचं नाव कुणी सुचवलं होतं?"

"वास्कितो सरांनी, मागच्या बैठकीत. माझे गुरू आहेत ते. पागुयुबानचे सगळे नियम त्यांनीच लिहिलेत." तिचा आवाज जरा मऊ झाला. "काल संध्याकाळी त्यांनी डोक्यावर हात ठेवला माझ्या. म्हणाले, हे क्याई मासरूरचं काम असणार, पण तू वाच्यता करू नकोस. निमूट घरी जा."

"निमूट घरी जा," विनार्सी पुटपुटली. "बरं. हे बघा, गुप्त मत कुणाचं होतं ते मी शोधत बसणार नाही. गुप्त ते गुप्त. मतदान नियमाला धरून झालं की नाही, एवढं पाहीन. वेळ किती आहे?"

"दुपारच्या नमाजाआधी गाँग वाजतो. तो वाजला की निकाल पक्का."

सुगेंग हात धुऊन उठला. "रेंबांगहून आलात आणि दुम्बेग नाही आणलेत?" दुम्बेग म्हणजे ताडाच्या पानाच्या पुंगळीत शिजवलेला तांदूळ-गुळाचा गोड पदार्थ. तो रेंबांगचाच, आणि दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. सुगेंगचा जीव त्यात अडकलेला.

"उमेदवाराने साधं बिस्किटही न्यायचं नाही, असा नियम आहे," तितिस ओशाळून म्हणाली.

"त्याच्याकडे लक्ष देऊ नका," विनार्सी म्हणाली. "त्याचा मेंदू पोटात आहे."

*

बांदुंगानच्या चढावर मोटारसायकल धापा टाकत पोचली. बैठक नर्सिंग कॉलेजच्या विश्रामगृहात होती. अंगणात गाड्या उभ्या होत्या. एक लांबलचक काळी, दारावर अभियांत्रिकी संस्थेचं नाव. एक पांढरी व्हॅन, तिच्यावर इस्लामी विद्यापीठाचं बोधचिन्ह. कोपऱ्यात एक जुनी चंदेरी गाडी, खाजगी नंबरपाटीची, मागच्या सीटवर लहान मुलाचं रबरी बदक पडलेलं.

"ही कुणाची?" विनार्सीने विचारलं.

"सरांची. स्वतःच चालवत आले या वेळी," तितिस म्हणाली.

"सर सरकारी विद्यापीठाचे ना? लाल पाटीची सरकारी गाडी कुठे गेली?"

सुगेंग थोरल्या बहिणीकडे बघून हसला. "म्बाक, सरकारी गाडी गॅरेजमध्येच असायची. आमच्या शाळेची जीप आठवते? आम्ही तिला ढकलण्याचाच पगार घेत होतो."

बदकाकडे एकदा बघून विनार्सी आत गेली.

यजमान होत्या सुस्तेर बेनेदिक्ता, नर्सिंग कॉलेजच्या प्रमुख. उंच, पांढऱ्या झग्यातल्या, करड्या नजरेच्या ख्रिस्ती नन; सुस्तेर म्हणजे सिस्टर. विनार्सीने येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

"गाँगपर्यंत हरकत घ्यायचा उमेदवाराला हक्क आहे. विचारा काय ते. बिया किती होत्या ते मात्र विचारू नका, मी शपथ घेतलीय."

"तितिसबाईंशी तुमचं भांडण होतं म्हणे."

"होतं नाही, आहे. माझी चांगली प्राध्यापिका पळवली हिने. समुद्राची हवा दाखवून! हिच्या तोंडावर सांगितलंय मी, की तू चोरटी आहेस." सुस्तेरनी तितिसकडे रोखून पाहिलं. "तोंडावर सांगणाऱ्याला पडद्याआड जायची गरज काय?"

सुगेंगने बहिणीला कोपराने ढोसलं. हिचं काम, असा त्याचा अर्थ होता.

विनार्सी भिंतीशी मांडलेल्या भेटींच्या टेबलाकडे बघत होती. पाहुणा प्रमुख आला की आपल्या संस्थेचं नाव कोरलेली प्लाकात, म्हणजे शोभेची पाटी, यजमानाला द्यायची, ही त्यांची जुनी रीत. रेक्टर एक वेळ पाकीट विसरेल, प्लाकात विसरणार नाही. टेबलावर अभियांत्रिकी संस्थेची काचेची प्लाकात होती, इस्लामी विद्यापीठाची पितळी होती. शेजारी तपकिरी बाटिकचं एक सुंदर कापड घडी घालून ठेवलं होतं.

"हे कुणी दिलं?"

"वास्कितोंनी. म्हणाले, प्लाकाती ठेवायला तुमच्याकडे जागा उरली नसेल. खरंच आहे म्हणा. कपाट भरलंय."

*

अभियांत्रिकी संस्थेचे प्रमुख हेन्द्रा व्हरांड्यात सिगरेट ओढत होते. गोल चेहरा, सोन्याचा चष्मा.

"माझ्यावर संशय? का, मी चिनी वंशाचा म्हणून?"

"नाही. तितिसबाईंच्या कॉलेजची बंदराशेजारची जागा तुम्हाला हवी होती म्हणून."

हेन्द्रा मोठ्याने हसले. "हवी होती आणि हवीच आहे! ती सदस्य झाली तर मला ती जागा फुकट वापरता येईल. बाहेर राहिली तर भाडं मोजावं लागेल. मी इतका मूर्ख दिसतो का, बू?"

"दिसत नाही."

"दिसतो! हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. काल सकाळचा, बैठकीच्या सुरुवातीचा फोटो होता. मागे सगळ्यांची नावं आणि पदं लिहिलेला कापडी फलक, पुढे हेन्द्रा, सुस्तेर आणि इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख, दाढीवाले धर्मगुरू क्याई मासरूर. "पोट केवढं आलंय माझं. वास्कितोंना कॅमेरा धरता येत नाही."

"फोटो त्यांनी काढला?"

"हट्टाने. एरवी आम्हाला ढकलून मधोमध उभा राहणारा माणूस! या खेपेला म्हणाले, माझ्याइतका चांगला कोन कुणाला साधत नाही. साधला बघा कोन. मी गरोदर दिसतोय."

सुगेंगला हसू आवरेना. विनार्सीने मात्र फोटो परत एकदा मागून घेतला.

क्याई मासरूर प्रार्थनेच्या खोलीबाहेर जपमाळ ओढत बसले होते. आवाज हलका, शब्द तोलून.

"मी तिच्याविरुद्ध बोललो होतो, हो. मागच्या बैठकीत. कॉलेज फार नवं आहे म्हणालो. मग तिची पोरं पाहिली. पहाटे जाळी ओढून वर्गात येतात. माझं मत बदललं आणि तेही मी सगळ्यांसमोर सांगितलं."

"नियम फार कडक आहेत का तुमचे?"

"वास्कितोंना विचारा, त्यांचंच बाळ आहे ते." क्याईंनी माळ थांबवली. "इथे माणूस सदस्य नसतो, बू. खुर्चीवर बसलेला माणूस सदस्य असतो. खुर्ची गेली की त्याच दिवशी सदस्यत्व गेलं. पुढच्या बैठकीच्या आत दुसऱ्या एखाद्या कॉलेजची खुर्ची मिळाली तरच टिकतं. आमचे एक संस्थापक निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने बैठकीला आले. वास्कितोंनी त्यांना दारातून परत पाठवलं. चहासुद्धा दिला नाही. म्हातारे माझा खांदा धरून पायऱ्या उतरले."

"तुम्हाला ते पटलं?"

"नाही पटलं. पण नियम नियम असतो, असं ते म्हणाले, आणि आम्ही ऐकलं."

*

वास्कितो सर आपल्या खोलीत होते. चेहरा राजबिंडा, केस रुपेरी. तितिसला बघताच ते उठले आणि पुन्हा डोक्यावर हात ठेवला.

"कशाला गं हे? गावभर बोभाटा होईल. बसा, बू. पाक, तुम्ही घ्या ना काही."

टेबलावर ताडपानाच्या पुंगळ्यांची जुडी होती. सुगेंगचे डोळे चमकले. त्याने एक सोलली आणि तोंडात टाकली. मऊ, ताजी, गुळाने ओथंबलेली. सकाळपासूनचा त्याचा सगळा शीण उतरला.

"दुम्बेग! सर, तुम्ही देवमाणूस आहात."

"घ्या, घ्या अजून."

"तुम्हाला क्याईंचा संशय का आला?" विनार्सीने विचारलं.

"दुसरं कोण? पण मी नाव घेतलं असं म्हणू नका."

"तितिसबाईंच्या कॉलेजला गेलायत का कधी?"

"दोन वर्षांत जमलंच नाही. दक्षिणेत आमचं विद्यापीठ, उत्तरेला हिचा समुद्र. परवा घरून निघालो तो सरळ इथे आलो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "नमाजाची वेळ होत आली."

बाहेर आल्यावर सुगेंगने बोटं चाटली. "म्बाक, सुस्तेरच. राग बघितलास ना?"

"सुगेंग, तू गुन्ह्याचा पुरावा खाल्लास," विनार्सी म्हणाली. "एक तरी शिल्लक ठेवायचास. चल, सगळ्यांना एकत्र बोलवू."

*

गोल टेबलाभोवती चौघं बसली. तितिस दाराजवळ उभी राहिली. टेबलाशी बसायचा तिला हक्क नव्हता.

"कालचं मतदान रद्द करावं लागेल," विनार्सी म्हणाली.

"का?" हेन्द्रा पुढे झुकले.

"मतं चार पडली. सदस्य तिघेच होते."

वास्कितो हसले. "बू, मोजून घ्या. आम्ही चौघं आहोत."

"माणसं चार आहेत, सर. खुर्च्या तीनच आहेत." विनार्सी उभीच होती. "रेक्टरला लाल पाटीची गाडी असते, चालक असतो. तुम्ही घरची गाडी हाकत आलात."

"गाडी दुरुस्तीला गेलीय."

"असेल. सुस्तेरना तुम्ही बाटिक दिलंत. प्लाकात नाही दिलीत."

"बाटिक जास्त सुंदर असतं."

"तेही खरं. आणि आयुष्यभर फोटोच्या मधोमध उभे राहिलात, पण काल कॅमेऱ्यामागे गेलात. फोटो लगेच सगळीकडे जातात. 'रेक्टर वास्कितो' असा फलक मागे आणि तुम्ही पुढे, असा फोटो तुमच्या विद्यापीठात पोचला असता तर तिथली माणसं काय म्हणाली असती?"

वास्कितोंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

"एकेक गोष्टीला कारण देता येतं," विनार्सी म्हणाली. "तिन्ही मिळून मला एकच दिसतं. गाडी, प्लाकात, फोटो, हे सगळं खुर्चीचं असतं. माणसाचं नसतं. सुगेंग, सरांच्या ऑफिसला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

सुगेंगने नंबर फिरवला. त्याच्या हाताला अजून गुळाचा चिकटपणा होता.

"रेक्टर कार्यालय," एक गोड आवाज आला.

"पाक रेक्टर भेटतील का?"

"आहेत की. आत्ताच आलेत, पाहुणे बसलेत त्यांच्याजवळ. कोण बोलतंय सांगू?"

सुगेंगने समोर बसलेल्या वास्कितोंकडे पाहिलं. "न-नको. चुकून लागला," म्हणत त्याने फोन बंद केला.

वास्कितोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गेल्या आठवड्यात आदेश आला, नव्या रेक्टरांनी ताबाही घेतला. जाहीर सोमवारी व्हायचंय." त्यांचा आवाज स्थिर होता. "चूक झाली माझी. माझं मत काढून टाका. पण त्याने या पोरीचं भलं होणार नाही. ज्याने बी टाकली तो परत टाकेल."

"मग टाकू द्या," विनार्सी म्हणाली. "नियम काय म्हणतो, सुस्तेर?"

"मत रद्द झालं तर गाँगपूर्वी उरलेल्यांनी पुन्हा द्यायचं." सुस्तेर उठल्यासुद्धा होत्या.

मडकं आणलं गेलं. तिघं एकेक करून पडद्याआड गेली. तितिस दाराच्या चौकटीला टेकली होती. या वेळी सुस्तेरनी मोजणी आत केली नाही. मडकं सरळ टेबलावर उपडं केलं.

तीन पांढऱ्या कवड्या घरंगळल्या. बी एकही नव्हती.

हेन्द्रांनी आधी कवड्यांकडे पाहिलं, मग हळूहळू मान वळवून वास्कितोंकडे. क्याईंचा हलका आवाज पहिल्यांदाच चढला.

"आणि नाव माझं घेतलंत? या पोरीपाशी माझं नाव घेतलंत तुम्ही?"

"सर, तुम्ही?" तितिस म्हणाली. "तुम्हीच नाव सुचवलं होतंत माझं."

"तेव्हा त्यांच्याकडे खुर्ची होती," विनार्सीने तिला जवळ बोलावलं. "मागच्या आठवड्यात ती गेली. आता या टेबलावर टिकायचं तर पुढच्या बैठकीच्या आत दुसरी हवी. एक खुर्ची रिकामी होण्याच्या बेतात होती. तुमची. तुम्हाला इथे नकार मिळाला की तुमचे अध्यक्ष मोठं नाव आणणार होते. ते मोठं नाव परवाच त्यांना भेटून आलं. सर म्हणाले, घरून सरळ इथे आलो. पण त्यांच्या टेबलावर ताजा दुम्बेग होता. तो रेंबांगशिवाय मिळत नाही आणि दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. तुम्हाला तर काही आणायची बंदी होती. मग आणला कुणी?"

सुगेंगने नकळत तोंड पुसलं.

"मला सकाळीच खटकलं होतं," विनार्सी पुढे म्हणाली. "नियम लिहिणारा माणूस आपल्या शिष्येला, गाँगपर्यंत हरकत घेता येते हे सांगत नाही. निमूट घरी जा म्हणतो. गुप्त मत मी शोधणार नव्हते. त्यांनीच ते उरलेल्या तिघांच्या अंगावर ढकललं, म्हणून उघडं पडलं."

वास्कितो कुणाकडे बघत नव्हते. "तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी या टेबलाशी बसलोय. सोमवारनंतर मला कोण ओळखणार? त्या म्हाताऱ्याला मी दारातून परत पाठवलं होतं ना, तो रोज डोळ्यासमोर येतोय."

"मला विचारायचं होतंत, सर." तितिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "माझ्या पोरांना प्रयोगशाळा मिळवून द्या आणि खुर्ची घ्या, एवढंच म्हणायचं होतंत. मी स्वतः उठले असते. आनंदाने उठले असते."

"माहीत आहे," वास्कितो म्हणाले. "म्हणूनच विचारलं नाही."

क्याईंनी घसा खाकरला.

"सदस्यत्व मंजूर आहे. रीत अशी की नाव सुचवणाऱ्याने नव्या सदस्याला हाताला धरून जागेवर बसवायचं. पण आता ते कसं..."

"मी बसवतो," हेन्द्रा म्हणाले.

"नको," तितिस म्हणाली. "नाव सरांनी सुचवलं तेव्हा ते रेक्टर होते. तेवढं नियमाला धरून आहे. सरच बसवतील."

वास्कितोंनी मान वर केली. ती त्यांच्याकडे बघत होती. रागाने की मायेने, ते सुगेंगला सांगता आलं नसतं, आणि बहुधा तिलाही नसतं. त्यांनी टेबलाचा आधार घेतला आणि उठले. रिकामी खुर्ची एकच होती, ज्यावरून ते आत्ताच उठले होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी मागे ओढली, तितिसचा हात धरला आणि तिला बसवलं. मग सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि दाराकडे वळले.

"सर," सुस्तेर मागून म्हणाल्या, "चहा घेऊन जा."

ते उंबऱ्यात थबकले. त्यांचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. मग ते परत आले आणि भिंतीकडेच्या पाहुण्यांच्या बाकावर बसले.